पाखराच्या कपाळावरचं गंध

हैदराबाद हिंदुस्थानात सामील झालं, त्या वर्षीच्या कार्तिकातली गोष्ट. पूर्वेच्या समुद्रावरचं वादळ पार हैदराबादेतल्या आमच्या अंबरपेठेपर्यंत आलं होतं. देवळात कीर्तन रंगलेलं, मी बुवांच्या मागे झांज धरून उभा, आणि एक काळंपांढरं पाखरू दारातून आत येऊन धपकन पडलं. सकाळपर्यंत त्यानं प्राण सोडला. मी कॉलेजच्या संग्रहालयात पक्षी भरून ठेवणारा. कातडं सोलून कापूस भरला, पायाला चिठ्ठी बांधली.

आमचे प्रोफेसर मुकुंदराव भिंग लावून बघतात तो काय, उडालेच!

"भगवंतराव, चोचीवर नळीसारख्या नाकपुड्या, म्हणजे हा भर समुद्रातला पक्षी. आणि पांढऱ्या कपाळावर केशरी ठिपका! एकाही ग्रंथात नाही. नवी जात, आपल्या हैदराबादेत!"

दुसऱ्या दिवशी पक्षी आणि वर्णन मुंबईच्या तज्ज्ञांकडे जायचं होतं. त्यांनी मान्य केलं तरच जात नवी. वर्णनाचा कागद मी घरी आणला आणि भामाला ऐटीत वाचून दाखवला.

"कपाळावर केशरी ठिपका, हीच या जातीची खूण..."

भामाचं लाटणं थांबलं. "अहो, ते तर माझं गंध!"

"काय?"

"दारात येईल त्याला गंध लावायचं काम माझंच होतं ना? तेही कीर्तनाला आलेलं. लावलं बोटभर. केशर घालून उगाळलेलं, रंग धरला असेल."

मी हातातला घास ताटात ठेवला. गप्प राहिलो असतो तर कुणाला कळणार होतं? पण देवाच्या गंधावर खोटं कसं रचायचं?

सकाळी प्रोफेसरसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी ओला कापूस फिरवला. ठिपका गेला.

"गेली जात!" ते खुर्चीत बसले. "हौ, आता मीच उभा राहतो कीर्तनाला, दुसरं काय!"

"पण साहेब, चोच? सोलताना माझ्या बोटांना जाड लागली होती. ठिपक्याच्या नादात आपण ती मोजलीच नाही."

खणातून तसलेच चार जुने पक्षी काढले. चौघांच्या चोची बारीक, आमच्या पाहुण्याची जवळजवळ दीडपट रुंद. तीनदा मोजली. साहेबांनी पहिला कागद टराटरा फाडला आणि नवा लिहायला घेतला.

होळीच्या आधी मुंबईचं पत्र आलं, ते घेऊन साहेब आमच्या घरी आले. जात नवी! आणि तिच्या लॅटिन नावात साहेबांनी भामाचं नाव घातलं होतं.

"अगोबाई, माझं नाव पाखराला? मी तर नुसता घोळ घातला!"

"वहिनी, तुम्ही बोलला नसता तर चोच कोण मोजणार होतं?" साहेब म्हणाले.

त्याच संध्याकाळी कीर्तन होतं. पूर्वरंग संपल्यावर बुवांनी आपल्या गळ्यातला हार काढून भामाच्या हाती दिला. "या माउलीनं वादळातून आलेल्या पाखराला श्रोता मानलं!"

मंडपात नामाचा असा गजर उठला, आणि मी झांज अशी वाजवली, की तिची दोरीच तुटली.