पाठ टेकल्यावर

शेखरच्या कंपनीचं नाव निघालं की कोंडिबा वस्ताद थुंकायचे. काल-परवापर्यंत कोळवणच्या जमिनी शहरवाल्यांना दाखवत फिरणारा हा शेखर आता पिंजऱ्यात माणसं झुंजवत होता. पहिला खेळ त्यानं मंगल कार्यालयात शंभर खुर्च्यांपुढं केला, दुसरा कुणाच्या तरी फार्महाऊसच्या लॉनवर. तिसऱ्याला लवळ्याच्या हॉस्टेलांतून बसगाड्या भरून पोरं आली. आता म्हणे मुंबईच्या चॅनेलवाल्यांना गावरान हिरो हवा होता, आणि तो पसंत पडला तरच कंपनी मोठी होणार होती. म्हणून हा बहाद्दर तालमीत येऊन वस्तादांचा पठ्ठ्या शंभू मागू लागला. वस्तादांनी दिला. या नटव्यांना एकदा खरी ताकद दाखवावी, ही खुमखुमी.

दुसऱ्याच दिवशी कंपनीची कोच गौतमी तालमीच्या दारात आली.

"वस्ताद, तिथं पाठ टेकल्यावर लढत संपत नाही. मानेला विळखा पडला तर हात आपटायचा, म्हणजे पंच सोडवतो. शंभूला दोन महिने माझ्याकडे पाठवा."

"हात आपटून हार मानायला? माझ्या तालमीत असली शिकवण न्हाई, पोरी."

शंभू घुटमळला. "वस्ताद, जाऊ का?"

"काय गरज न्हाई. पाठ लाव आन् ये."

खेळाच्या दिवशी धूर, दिवे, कर्कश गाणी, सगळा तमाशा होता. समोर महाळुंग्याच्या जिममधला एक हडकुळा पोरगा. शंभूनं पहिल्याच मिनिटाला धोबीपछाड घालून त्याला उताणा पाडला. हलगी कडाडली, गाव उठून नाचू लागलं. शंभूनं दहा वर्षांच्या सवयीनं त्याला सोडलं आणि वळून वस्तादांना हात जोडले.

मागून त्या पोरानं उठून मानेला विळखा घातला.

"हात आपट!" गौतमी ओरडत होती. शंभूचा हात अर्धवट उचलला गेला. नजर वस्तादांवर होती. हात तसाच खाली आला आणि डोळे पांढरे झाले. मग पंच धावला.

शेखर मोबाइल नाचवत आला. "वस्ताद, चॅनेलवाले जाम खूश! पाच खेळ पक्के झालं! असलं काय त्यांनी बघितलंच न्हवतं!"

स्ट्रेचरवर शंभूला शुद्ध आली. आवाज पार बसला होता.

"पाठ टेकली व्हती न्हवं, वस्ताद?"

"व्हय रं. टेकली व्हती. मग हात का न्हाई आपटलास?"

"आपटणार व्हतो. पर तुमी बघत व्हता."

शेखर शेजारीच दात काढून उभा होता. वस्तादांना थुंकावंसं वाटलं, पण या खेपेला शेखरवर नाही.