पडद्याची मागची बाजू

माझी मावशी पडदे रंगवायची. दाराखिडक्यांचे नव्हेत, फोटो काढायला माणूस बसतो ना, त्याच्या मागचे. तिच्या नवऱ्याचा, म्हणजे काकांचा, फोटो स्टुडिओ होता. काकांना बाग लागायची, बागेत कारंजं, कारंज्यात दोन हंस. मावशी निमूटपणे हंस काढून द्यायची आणि त्याच पडद्याच्या पाठीवर स्वतःचं काढायची. एक भलंमोठं पिवळं वर्तुळ, त्यातून वर चढणाऱ्या निळ्या रेघा, आणि रेघा संपतात तिथे नुसता उजेड. ना झाड, ना माणूस. असली चित्रं तेव्हा जगात कुणी काढत नव्हतं. निदान आमच्या गल्लीत तरी नाही.

"हे काय गं?" मी विचारलं होतं.

"डोळे मिटल्यावर दिसतं ते."

"मला तर काहीच दिसत नाही."

"तू मिटतोस आणि लगेच उघडतोस."

एकदा पडदा झटकायला काढला आणि परत टांगताना मावशीने उलटा, मागची बाजू पुढे करून टांगला. चुकून, असं ती म्हणाली; तुम्हीही तसंच समजा. काका कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्यात डोकं खुपसून बघायचे. आत सगळं खाली डोकं वर पाय दिसतं, त्यामुळे त्यांचं सगळं लक्ष गिऱ्हाइकाच्या नाकावर. फोटो धुऊन हातात आल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

"माझे हंस कुठे गेले? आणि हे काय, फुटलेलं अंडं? उद्या चुना फासतो याला!"

"फासा. पण ते मला परत काढता येणार नाही," मावशी म्हणाली आणि ब्रश धुवायला गेली. एकच ब्रश ती संध्याकाळपर्यंत धूत होती.

सकाळी काकांनी चुना कालवला. तेवढ्यात गल्लीतल्या वकिलांनी आपल्या म्हाताऱ्या आईला फोटोसाठी आणलं. म्हातारीच्या जिभेला कोर्टसुद्धा टरकून असायचं. ती बसता बसता मागे वळली, पडदा पाहिला आणि खुर्चीच फिरवून बसली.

"आजी, इकडे बघा."

"तुझ्यात काय बघण्यासारखं आहे रे?"

काका बादलीकडे बघायला लागले. वकील हळूच म्हणाले, "काढा तसाच. आई इतका वेळ गप्प बसलेली मी पहिल्यांदाच बघतोय."

मग काय, पाठमोऱ्या फोटोंची साथच आली. नवरा-नवरी पाठमोरी, पोस्टमास्तर पाठमोरे. घरोघरी भिंतीवर अंबाडे आणि माना. कोण कुणाचं ते मानेवरच्या तिळावरून ओळखायचं. चुन्याचा बादलीतच दगड झाला.

चित्राकडे अजून सरळ बघितलं नव्हतं ते एकट्या काकांनी.

"आज तुम्ही बसा," मावशी म्हणाली.

"अगं, गिऱ्हाईक खोळंबलंय."

"खोळंबू दे." आणि काळ्या फडक्यात ती शिरली. काका बसले ते जेवायलाही उठेनात.

पडदा पुढे उंदरांनी खाल्ला. फोटो उरले, पण प्रत्येकात वर्तुळाच्या मधोमध कुणाचं तरी डोकं. परवा संग्रहालयातल्या बाई आल्या, तेव्हा मी मावशीने काढलेला फोटो पुढे ठेवला. वर्तुळ पूर्ण, रेघा पूर्ण, वर उजेड. बाईंनी भिंग लावून खालच्या कडेवर बोट ठेवलं.

"हा चकाकणारा अर्धगोल… आत्म्याचा उदय असावा का?"

"काकांचं टक्कल," मी म्हटलं. "मावशीने कॅमेरा मुद्दाम वर धरला होता."