भंडारा उचलल्यानंतर

माझा दोस्त मायाप्पा मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, झाला तेव्हा मीच बोलून बसलो होतो, "रविवारी माझ्या खोलीवर ये. सायबांच्या क्लबात करत्यात तसं पेले करून पाजतो." मी तेव्हा सोलापूर स्टेशनाजवळच्या क्लबात पेले पुसायच्या कामाला होतो. साहेबलोक नुसती दारू पीत नसत. तिच्यात लिंबू, साखर, दुसरी दारू कालवायची, बर्फ घालून हलवायची आणि वर तिला नाव द्यायचं, हे मी पुसता पुसता बघून ठेवलं होतं.

शब्द आधी दिला. दारू सोडल्याचा भंडारा त्याच आठवड्यात, नंतर उचलला.

माझी बायको राजाबाई चार महिने कुंभारीला माहेरी होती. पिऊन आलो की माझा हात चालायचा, म्हणून गेली होती. सासरे सिद्धाप्पा बिरोबाचे पुजारी. त्यांनी मला देवापुढं बसवून तळहातावर हळदीचा भंडारा ठेवला. "थेंब तोंडात घेणार न्हाय," मी म्हणालो. आमच्या धनगरांत भंडारा उचलून घेतलेली आण मोडली तर त्या माणसाच्या घरी कोणी लेक नांदायला ठेवत नाही. रविवारी दिवेलागणीला सासरे स्वतः राजाबाईला गाडीतून आणणार होते. तोवर मित्र निघून जातील, आपण फक्त कालवून द्यायचं, असा माझा हिशेब.

मायाप्पा दुपारीच दोन बाटल्या काखेत मारून आला. एक मोहाची, एक बडीशेपेची. पाठोपाठ तिप्पण्णा आला. तो लिंगायत, मंगळवार पेठेत किराणा दुकानात बसायचा. दारूला कधी शिवला नव्हता, पण मसाले कालवायचा भारी शौक. त्यानं पुड्या आणल्या होत्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक मडकं.

"वाण्या, तू हितं काय करनार? वास घेनार?" मायाप्पा म्हणाला.

"तू पी की. धुळाप्पाचं आन् माझं येगळं हाय. आमी शहाणी मानसं." तिप्पण्णानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

क्लबातलं हलवायचं भांडं माझ्याकडं कुठलं? दोन तांबे घेतले, तोंडाला तोंड लावलं, फडकं आवळून बांधलं आणि खांद्यापाशी धरून खुळखुळवलं. मायाप्पा मांडी थोपटत हसला. पहिल्या पेल्यात मोहाची, चिंचेचा कोळ, मीठ आणि गोळीच्या बाटलीतला सोडा. मायाप्पानं एका दमात रिकामा केला आणि डोळे मिटले.

"नाव काय ठेवायचं?"

"जॉबरचा राग," तिप्पण्णा म्हणाला.

दुसऱ्यात बडीशेपेची दारू, गुळाचं पाणी, मिरपूड. त्याला मायाप्पानं 'मडमेचं पातळ' म्हटलं. मी हसत होतो, पण सारखा दारात जाऊन रस्ता बघत होतो. बोटांना वास लागला होता. दोनदा राख लावून धुतली, तरी हात नाकाशी जात होता.

"आरं बस की जरा," मायाप्पा म्हणाला. "तुझ्या पायात काय किडं पडल्यात?"

मग तिप्पण्णानं मडक्यावरचं फडकं काढलं. त्यात गूळ, सुंठ, वेलदोडे, लिंबू टाकून ढवळलं आणि पेला माझ्या हातात दिला. "आधी घरधनी. मी सकाळीच तांब्याभर प्यालोय. नीरा हाय, होटगीच्या वाटंवर उजाडायच्या आत उतरलेली. निस्तं साखरंचं पानी."

उकाडा होता, घसा सुकला होता. मी घोट घेतला. लिंबाच्या आंबटाखाली दुसरा आंबटपणा लागला आणि जिभेला बारीक चावा बसला. उजाडताना गोड असलेली नीरा चैत्राच्या उन्हात दुपारपर्यंत आंबून शिंदीची दारू होते, हे किराणा विकणाऱ्या तिप्पण्णाला माहीत नव्हतं. मला होतं. लहानपणी मेंढरांमागं शिंदीच्या बनातच वाढलो मी.

पेला खाली ठेवायला हवा होता. "झ्याक जमलंय," मी म्हणालो आणि सगळा प्यालो. तिप्पण्णा खूश झाला. त्यानं परत भरला. तोही प्यालो.

ऊन उतरायच्या आतच बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला.

सासरे आधी आत आले. मागं राजाबाई, कमरेवर गाठोडं. बाटल्या बघून ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

मायाप्पा गडबडीनं उठला. "मामा, ह्ये समदं माझं. धुळाप्पानं थेंब घेतला न्हाय. बिरोबाची आन. त्यो निस्तं तिप्पण्णाचं सरबत प्यालाय."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच वाटत होतं.

सासऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं. चेहरा सैल झाला. राजाबाईनंही गाठोडं कमरेवरून उंबऱ्यावर टेकवलं. सासरे म्हणाले, "वाण्याच्या हातचं व्हय? मग आमाला बी द्या की. धुरळ्यानं घसा कोरडा पडलाय." तिप्पण्णानं हौसेनं पेला भरला. सासऱ्यांनी पागोटं सारखं केलं, पेला कपाळाला लावला. साठ वर्षांत त्या माणसानं दारूकडं पाहिलं नव्हतं.

गप्प बसलो असतो तर बायको आत आली असती.

मी पेला धरला. निम्मा त्यांच्या धोतरावर सांडला. "मामा, नगा. शिंदी झालीया ती."

"अय्यो शिवा!" तिप्पण्णा खालीच बसला.

"तू प्यालास?" सासऱ्यांनी विचारलं.

"एक घोट चुकून. बाकीचे दोन पेले वळखून."

सासऱ्यांनी कनवटीची भंडाऱ्याची पिशवी चाचपली, पण पुन्हा आण द्यायला तिची गाठ सोडली नाही. राजाबाईनं गाठोडं पुन्हा कमरेवर घेतलं.

"आबा, चला." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "खरं बोलला, त्ये ऐकलं मी. पन पयल्या घोटाला का न्हाय बोलला?"

दोघं गाडीत चढली.

गाडी वळली. मित्रांना तसंच खोलीत सोडून मी अनवाणी मागं चालू लागलो. रस्त्याचा फुफाटा तापलेला होता. वेशीबाहेर सासऱ्यांनी एकदा मागं पाहिलं. गाडी थांबवली नाही, बैलांना चाबूकही लावला नाही. राजाबाई पाठ करून बसली होती. परत जा म्हणाली नाही, बस गाडीत असंही म्हणाली नाही. कुंभारी अजून तीन कोस होती. मी चालत राहिलो.