लपवलेली ओळ

हर्षवर्धनला विचारल्याशिवाय त्यांच्या घरात मिक्सरसुद्धा येत नसे. आईबाबांचं पुण्यातलं वॉशिंग मशीन, धाकट्या इंद्रनीलची पहिली बाइक, बाबांच्या गुडघ्याचा सर्जन, सगळं त्याच्या एक्सेल शीटमधून पास होऊन आलं होतं. निकष ठरवायचे, गुण द्यायचे, बेरीज करायची. पहिला येईल तो घ्यायचा, वाद नाही. आयर्लंडमध्ये एनिसला राहून तो मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात क्वालिटी बघायचा, आणि घरी आल्यावरही ती त्याच्या अंगातून जात नाही, असं त्याची बायको योगिनी म्हणायची.

मे महिन्यात अमेरिकेतून इंद्रनीलचा फोन आला; तो आणि त्याची बायको सानिका तिकडेच राहायचे. "दादा, ऑगस्टमध्ये मी आणि सानिका मोंटानात कॅम्पिंगला चाललोय. तिथे ग्रिझली अस्वलं असतात. हँडगन घेतोय. कुठली घेऊ? शीट कर ना."

आता आयर्लंडमध्ये अस्वल औषधालाही नाही. हँडगनचं लायसन्स मागायला गार्डा स्टेशनात, म्हणजे तिथल्या पोलिसांकडे गेलात, तर आधी तुमचीच चौकशी होईल. हर्षवर्धनने तर आयुष्यात जत्रेतला फुगासुद्धा फोडला नव्हता. "शेजारचा बोका हाकलता येत नाही, आणि चालला अस्वल मारायला," योगिनी हसली. पण दादाला विचारलं होतं, आणि 'मला माहीत नाही' हे वाक्य दादाला येत नव्हतं. तीन आठवडे तो जेवण झालं की लॅपटॉप उघडून बसला. गोळीची ताकद, वजन, अडकण्याची शक्यता, घाबरलेल्या नवख्या हाताला जमेल का.

शेवटी काही राहून जायला नको म्हणून त्याने बेअर स्प्रेचीही एक ओळ घातली. अस्वलाच्या तोंडावर मारायचा मिरचीचा फवारा. बेरीज केली तर तोच पहिला आला, आणि तोही चांगल्या फरकाने.

हर्षवर्धनला ते झोंबलं. तीन आठवडे घासून उत्तर काय, तर मिरची? इंद्रनीलने बंदूक विचारली होती, स्प्रे नाही, असं त्याने स्वतःला समजावलं आणि ती ओळ हाइड केली. मग फोर्टी-फोर मॅग्नम रिव्हॉल्व्हर पहिला आला. शीट गेलं. इंद्रनीलने अंगठा पाठवला.

ऑगस्टमध्ये ओढ्याकाठी अस्वल अंगावर आलं तेव्हा इंद्रनीलने त्याच रिव्हॉल्व्हरने एक गोळी झाडली. धक्क्याने हात वर गेला आणि गोळी झाडांत गेली. दुसरी झाडायला त्याला वेळच मिळाला नाही. तंबूपाशी उभ्या सानिकाने फक्त तो एक आवाज ऐकला.

इंद्रनीलचा तेरावा होऊन आठवडा झाला असेल. रविवारी दुपारी सानिकाचा मेसेज आला. 'दादा, ते शीट पाठवाल का? मला एकदा बघायचंय.'

हर्षवर्धनने फाइल उघडली. पाचव्या ओळीखाली एकदम सातवी. सहावी आत होती. ती पुसून टाकली तर जगात कुणाला कळणार नव्हतं.

"पाठव की," योगिनी त्याच्यापुढे चहा ठेवत म्हणाली. "तुझा काय दोष? तुला सुचलं ते तू सांगितलंस."

हेच सगळे म्हणत होते. आईसुद्धा म्हणाली होती. प्रत्येक वेळी तो मान हलवायचा. आज त्याला ते ऐकवेना. त्याने सहावी ओळ उघडी केली आणि फाइल पाठवून दिली.

पाच मिनिटांत फोन वाजला.

"दादा, ही ओळ आम्ही पाहिली होती," सानिका म्हणाली. आवाज शांत होता. "दुकानात उभ्याउभ्या त्याने ती उघडली. तुमचाच भाऊ, सहावा नंबर गायब आहे हे त्याला दिसणारच. मी स्प्रेचा डबा हातात घेतलासुद्धा. तो म्हणाला, ठेव परत. पहिला येऊनही दादाने लपवलाय, म्हणजे त्याला त्यात काहीतरी खोट सापडली असणार. दादा उगाच काही काढत नाही."

हर्षवर्धनने पडद्यावरची सहावी ओळ पुन्हा एकदा पाहिली.

"मला तेवढंच विचारायचं होतं," ती म्हणाली. "काय खोट होती त्यात?"

समोर चहावर साय धरली होती. योगिनी त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"काहीच नव्हती, सानिका," तो म्हणाला.

मग तिने फोन ठेवला.