सप्टेंबरचा कोरडा रकाना

मुलीच्या पत्राला संपादकांनी उत्तर दिलं नव्हतं. राहून गेलं, असं ते बायकोला सांगत. खरं तर ते टाळत होते. पत्रातलं शेवटचं वाक्य त्यांना गिळताही येत नव्हतं आणि थुंकताही येत नव्हतं : 'बाबा, सरळच विचारते. तुमचा ह्याच्यावर विश्वास नाही का?'

हा म्हणजे जावई. दूर उत्तरेला, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात मुलगी आणि जावई प्रवाशांसाठी छोटंसं अतिथिगृह चालवत. संपादक प्रवाशांसाठी मार्गदर्शिका काढत; कुठल्या गावी कुठल्या महिन्यात किती पाऊस, हे तिच्यातलं त्यांचं लाडकं पान. त्या गावचं जुनं पर्जन्यमापक मोडलं, तेव्हा जावयानं हौसेनं आपल्या अंगणात नवं बसवलं आणि वर्षभराच्या रोजच्या नोंदी सासऱ्यांना पाठवल्या. त्या मिळाल्याचंही संपादकांनी कळवलं नव्हतं. पान आता छापायला जायचं होतं. मुद्रक रोज फोन करून डोकं खात होता.

पण सप्टेंबर! आधीच्या सगळ्या आवृत्त्यांत तो तिथला सर्वांत ओला महिना. जावयाच्या कागदावर मात्र जवळजवळ कोरडा. आणि नेमक्या त्याच महिन्यात अतिथिगृह ओस पडतं, हे मुलीनंच कधीतरी बोलण्याच्या ओघात सांगितलेलं.

"आकड्यापुढे प्रश्नचिन्ह टाकावं म्हणतो," संपादक म्हणाले.

बायको समोर बसून मटार सोलत होती. "टाका. पोरगी ते बघेल आणि समजायचं ते समजेल. मग या घराची पायरी चढते का बघा."

"आणि नाही टाकलं तर लोक माझ्या भरवशावर जाऊन भिजतील."

"अहो, लग्नानंतर तुमचं एक पुस्तक नेलं आणि परत केलं नाही, तेव्हापासून तो तुमच्या डोळ्यांत सलतोय."

"पुस्तकाचा इथे काय संबंध?" ते म्हणाले. संबंध थोडासा होता. पुस्तक दुर्मीळ होतं.

"बरं, ते राहू द्या. जानेवारीत काय लिहिलंय त्यानं?"

"जानेवारीत? बराच. म्हणजे बर्फच तो, वितळवून मोजलेला. फारच जास्त."

"मग गिऱ्हाईक ओढायला थापा मारणारा माणूस जानेवारीत स्वतःच्याच पोटावर पाय कशाला आणेल? तेव्हा काय त्याला पाहुणे नको असतात?"

संपादकांनी चष्मा काढला. संशयाचा दिवा घेऊन ते इतके दिवस एकाच कोपऱ्यात शोधत होते. त्यांनी चष्मा पुसला आणि जानेवारीचा कागद पुढे ओढला.

एका दिवसापुढे जावयानं लिहिलं होतं : 'नुसती भुरभुर. अंगणातली फरशीही झाकली नाही.' पण आकडा मुसळधार पावसाला शोभणारा. दुसऱ्या दिवशी तसंच. जिथे जिथे बर्फ, तिथे तिथे आकडा सारखाच फुगलेला. थंडीतल्या कोरड्या दिवशी मात्र शून्य.

"अगं," ते उठून उभेच राहिले, "बर्फ वितळवायला आपण भांड्यात मोजून कोमट पाणी ओततो. मग सगळं मिळून मोजायचं आणि ओतलेलं पाणी वजा करायचं. यानं वजाच केलेलं नाही! रोज आपलंच पाणी आभाळाच्या खात्यावर मांडलंय."

"म्हणजे माहितीपत्रक वाचलं नाही," बायको म्हणाली. "त्यानं पाळणा जोडला आणि स्क्रू उरले, तेव्हाही म्हणाला होता, कंपनीनं जास्तीचे दिलेत."

संपादकांना हसू आलं, आणि हसताना स्वतःची लाजही वाटली. ज्याला धड लबाडी करता येणार नाही, अशा माणसाला त्यांनी मनातल्या मनात लबाड ठरवून टाकलं होतं. तरी सप्टेंबर कोरडाच होता. खरंच त्या वर्षी पाऊस रुसला असेल, की...? मनातला किडा मेला नव्हता, नुसता उलटा पडून पाय हलवत होता.

ते लिहायला बसले.

'बेटा, विश्वास नव्हता. सप्टेंबरच्या आकड्यावरून मी त्याच्यावर संशय घेतला, आणि तुला विचारायचा धीर झाला नाही म्हणून गप्प बसलो. हिवाळ्याचे आकडे चुकलेत, पण लबाडीनं नाही. त्याला म्हणावं, ओतलेलं कोमट पाणी वजा करून पुन्हा पाठव. तोवर ते रकाने रिकामे सोडतो. सप्टेंबर त्याचाच छापतो, एकाच वर्षाचा आकडा अशी तळटीप देऊन. माझं मन अजून पुरतं स्वच्छ नाही, हेही तुझ्यापासून लपवत नाही. या सप्टेंबरात आम्ही दोघं येतो. पाऊस मी आणि तो मिळून मोजू. या म्हणशील ना?'

बायकोनं पत्र वाचलं. "तळटीप दिल्याशिवाय तुम्हाला करमायचं नाही," ती म्हणाली, पण चपला तिनंच आधी घातल्या.

कोपऱ्यावरच्या पेटीत संपादकांनी पाकीट टाकलं आणि फटीत बोटं घालून चाचपून पाहिलं.

"गेलं हो आत. आता पेटी फोडता का?"

"पत्ता बरोबर लिहिला होता ना मी?"

"मी वाचलाय. चला."