माशीने धरलेला चोर

पावसाने उघडीप दिली होती आणि देवळासमोरच्या अंगणात सगळं होसमने गाव लोटलं होतं. मधोमध देवळात मुक्कामाला आलेल्या जेनस्वामीची मधमाश्यांची पेटी, आणि पेटीसमोर हात पसरून उभी पाच गडीमाणसं. परमेश्वर हेगड्यांच्या बायकोची सोन्याची साखळी हरवली होती. पाचांतला चोर स्वामीची माशी धरून देणार होती.

"माशी म्हणजे देवीची जीभ!" स्वामी गरजला. "पापाचा वास तिला सात कोसांवरून येतो!"

मग गडी पेटीला खेटून का उभे केले, हे कुणी विचारलं नाही.

त्याने भगव्या पंच्याने एकेकाचा तळवा पुसून 'शुद्ध' केला आणि पेटी उघडली. माश्या चौघांना सोडून थेट होसबीच्या हातावर उतरल्या. होसबी हेगड्यांच्या गोठ्यात शेण काढायची. तिचा तळवा दिसेनासा झाला.

"हीच ती!" लोक ओरडले. कुणीतरी चिंचेचा फोक आणला.

"साखळी कुठंय ते बोल," हेगडे म्हणाले, "नाहीतर चामडी सोलून काढीन."

"मी नाही घेतली हो, धनी!"

मी तिथेच उभी होते. माझ्या घरी बारा पेट्या आहेत. पावसाळ्यात रानात फूल नसतं, तेव्हा साखरपाणी पाजलं नाही तर माश्या उपाशी मरतात. मला एवढंच खटकलं, की होसबीला एकीनेही नांगी मारली नव्हती. चिडलेली माशी आधी नांगी मारते. या तर निवांत पीत होत्या.

पुढे होऊन मी हलकेच माश्या झटकल्या. वेलदोड्याचा वास आला.

"शारदक्का, शिवू नका तिला!" हेगडे ओरडले.

मी होसबीचा तळवा तोंडाशी नेला आणि सगळ्यांदेखत चाटला. आमच्या ब्राह्मणआळीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावला.

"साखरपाणी आहे. वेलदोडा घातलेलं."

"बाटली, बाटली ही! देवी कोपेल!" स्वामी किंचाळला.

"कोपू दे. पंचा आण इकडे."

तो देईना, मी ओढून घेतला. तीन कोपरे कोरडे, चौथा चिकट. तोच मी हेगड्यांच्या तळव्यावर घासला. त्यांनी हात झटकेपर्यंत माश्या येऊन बसल्याही.

"काय परमेश्वरण्णा, साखळी कुठं ठेवलीत?"

हसायला कुणी धजलं नाही. फोक मात्र खाली पडला.

मग पुजाऱ्याला वाचा फुटली. आठ दिवस स्वामी देवळामागे हेच पाणी तळहातावर घेऊन माश्यांना पाजत होता. त्या वासाला त्या धावणारच. आणि होसबीच का? आदल्या दिवशी त्याने हेगड्यांनाच विचारलं होतं, "संशय कुणावर?"

साखळी अजून सापडलेली नाही. होसबीने त्या गोठ्यात पुन्हा पाऊल टाकलं नाही.

माशीला चोर कळत नाही, साखर कळते. चोरी झाली तर चौकशी करा, पुरावा मागा. आणि देवीने कुणाचं नाव घेतलं असं कुणी सांगितलं, तर आधी शोधा, ते नाव देवीच्या कानात घातलं कुणी.