सुनेला अनफॉलो करताना

"काढताय ना?" ओमकारने विचारलं.

परशुराम फोन मांडीवर घेऊन बसले होते. जेवताना मुलाने स्पष्टच सांगितलं होतं, मनस्विनीला आज अनफॉलो करा, नाहीतर मी या घरात पाऊल टाकणार नाही. मुंबईहून महिन्यातून एकदा येणारा हा एकुलता एक मुलगा. तोही यायचा थांबला तर रत्नागिरीत त्यांना हाक मारणारं कोणी उरत नव्हतं.

मनस्विनी ही त्यांची सून. घटस्फोटानंतर ती मुलाला, वेदला, घेऊन अलोऱ्याला राहत होती, तिथल्या शाळेत शिकवत होती. एसटीने जाऊन संध्याकाळी परत येण्याइतकं जवळ. पण सुनेशी परशुराम कधी थेट बोललेच नव्हते. आमटी छान झाली, हेसुद्धा ते बायकोला, उल्काला सांगत आणि उल्का आत जाऊन सुनेला सांगे. उल्का वारली आणि ती सोय संपली. मग उरलं इन्स्टाग्राम. मनस्विनीचं खातं मोजक्याच लोकांना दिसे, पण सासऱ्यांना तिने त्यातून वगळलं नव्हतं. सात वर्षांचा नातू त्यांना दिसायचा तो तिथेच.

चूक त्यांचीच होती. उभं आयुष्य वाचनालयात गेलं, आलेल्या प्रत्येक कागदावर 'पाहिले' लिहून सही करायची सवय. तसंच ते सुनेच्या प्रत्येक फोटोवर हार्ट उमटवत. गेल्या आठवड्यात तिने स्वतःच्या दुसऱ्या साखरपुड्याचा फोटो टाकला, त्यावरही उमटवलं.

"अरे, पाहिलं एवढंच सांगायचं होतं," ते पुटपुटले.

"मग वाचनालयाचा शिक्काच मारायचा होतात."

परशुरामांनी अंगठा पुढे केला, मागे घेतला. आपल्याला काही धड ठरवता आलंय का कधी, असं त्यांच्या मनात आलं. समोर बसलेला मुलगा तरी खरा आहे. त्यांनी बटण दाबलं. फोटो गेले, पांढऱ्या पानावर एक कुलूप उरलं.

"झालं."

ओमकारने फोन ओढून घेतला. रिकाम्या पानावर तो बोट वरखाली फिरवत राहिला.

"वेदचे पुढचे दोन दात पडलेत, तो फोटो? कुठे ठेवलायत?"

"मी कुठे ठेवणार? तिच्याकडेच होता."

बोलता बोलता परशुराम थांबले. कोर्टात ओमकार जे काही बोलला होता त्यानंतर मनस्विनीने त्याला सगळीकडून ब्लॉक केलं होतं. मग दातांचं याला कसं ठाऊक? हार्ट तरी कुठून दिसलं?

"दुपारी मी झोपलो की माझा फोन घेतोस तू?"

ओमकार खाली बघत म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही नाही म्हणाल."

ओमकारने त्याच फोनवरून तिला पुन्हा फॉलो रिक्वेस्ट पाठवली. अर्धा तास गेला, उत्तर नाही.

"फोन करा तिला."

"मी?"

"माझा ती घेत नाही, बाबा."

परशुरामांनी नंबर लावला.

"बाबा? तुम्ही?" मनस्विनी म्हणाली. "बरे आहात ना?"

"मी तुला काढून टाकलं होतं. आत्ताच. परत घेशील का?"

"ओमकारने सांगितलं काढायला?"

समोर ओमकार मान हलवून नको नको म्हणत होता. पहिल्यांदाच सुनेशी बोलतोय, तेही खोटं, हे परशुरामांना जमेना.

"हो. पण काढलं मी. आणि वेदचे फोटो तोही बघतो, माझ्या फोनवर."

पलीकडे वेद मोठ्याने पाढे म्हणत होता, तेवढं ऐकू आलं. परशुरामांनी फोन कानाशी घट्ट दाबला.

"मग फोटो नकोतच, बाबा," मनस्विनी म्हणाली. आवाजात राग नव्हता. "वेदला बघायचंय तर रविवारी इकडे या. एकटे या."

परशुरामांनी फोन ठेवला.

"काय म्हणाली?"

"बोलावलंय."

"कोणाला?"

परशुरामांनी मुलाच्या तोंडाकडे बघितलं आणि क्षणभर खोटं बोलण्याचा विचार केला.

"मला," ते म्हणाले.